आकडा सत्तावीसचा, फट काडीएवढी

वय बावन्न, नोकरी सहकारी बँकेत, छंद नेमबाजीचा. दहा-बारा वर्षं रविवारी ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं झोपून नेमबाजी, पॉइंट टू-टू (०.२२ इंची लहान गोळीची) रायफल. मुलीनं २५ मीटर पिस्तूल धरल्यापासून तिच्यासोबत तिकडच्या लेनवरही उभं राहणं सुरू झालं. तक्रार एकच: डाव्या कानात बारीक शिट्टी आणि कानाला दडा बसल्यासारखं. रविवारी संध्याकाळी सुरू व्हायचं, सोमवारी दुपारपर्यंत जायचं. वर्षभर हे असं चाललं होतं. या खेपेला आठवडा उलटला तरी गेलं नाही, म्हणून ते माझ्याकडं श्रवणतपासणीला आले.

एक गोष्ट आधीच सांगते. हे गृहस्थ प्रत्यक्षात एक नाहीत. श्रवणतपासणीला येणाऱ्या नेमबाजांत सारखी दिसणारी लक्षणं आणि सवयी एकत्र करून मी त्यांना इथं एक माणूस केलं आहे, म्हणजे कुणाची ओळख पटायला नको आणि प्रकरण सलग सांगता यावं.

कोल्हापूर भागात हा छंद काही नवा नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद मिळवलं. राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं. २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य जिंकलं. त्यामुळं रायफल, जॅकेट, गोळ्यांचा लॉट यांवर तासन्‌तास बोलणारी माणसं इकडं भरपूर भेटतात. कानाचा विषय निघाला की मात्र एका वाक्यात आटपतात. आमच्या गृहस्थांचं वाक्य हे होतं: "मॅडम, मी मफ घालतोय की. सत्तावीसचा आहे, साधा नव्हे."

मफ म्हणजे पट्ट्याला दोन वाट्या लावलेलं कान झाकायचं साधन, आणि सत्तावीस म्हणजे तो किती डेसिबल आवाज अडवतो त्याचा डब्यावरचा आकडा. माझ्या मते सगळं प्रकरण या 'सत्तावीस'मध्ये अडकलं होतं.

आधी तपासणीचं. रेंजवर गेल्यानंतर किमान एक पूर्ण रात्र आणि दिवस शांततेत काढूनच चाचणी करायची, नाहीतर तात्पुरता थकलेला कान कायमचा बिघडलेला वाटतो. इथं आठवडा उलटला होता, तेव्हा तो प्रश्न नव्हता. दोन्ही कानांत मळ आत ढकललेला दिसला. तो काढून मग ऑडिओग्राम, म्हणजे कोणता स्वर किती डेसिबलला ऐकू येतो त्याचा आलेख, घेतला. आकडा मोठा तेवढं ऐकणं कमी. उजवा कान वयाच्या मानानं छान. डावा कान २ किलोहर्ट्झपर्यंत ठीक, ३ वर थोडा खाली, ४ वर ५० डेसिबलला आपटलेला, ६ वर जरा वर आणि ८ वर पुन्हा बऱ्यापैकी. आलेखावर ४ च्या जागी खाच पडलेली. आवाजानं कान बिघडल्याची ही जुनी, ओळखीची खूण.

खाच तिथंच का पडते? कानाची नळी साधारण ३ किलोहर्ट्झच्या आसपासचे स्वर आपोआप मोठे करते, आणि मार बसतो तो त्याच्या थोडा वर. आतल्या शंखिकेतल्या (कानाच्या आतला शंखासारखा भाग) त्या पट्ट्यातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी आधी जातात. एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. स, श, च, ट अशा व्यंजनांची धार याच वरच्या पट्ट्यात असते. म्हणून असा माणूस म्हणतो, "ऐकू येतंय, पण काय म्हणाले ते कळत नाही." बँकेच्या काउंटरवर काचेपलीकडचं बोलणं कळत नाही अशी त्यांचीही तक्रार होती. फक्त त्याचा दोष ते नव्या काचेला देत होते.

आणि डावाच कान का? ते उजवे नेमबाज. रायफल उजव्या खांद्याला, गाल दस्त्यावर. अशा वेळी उजवा कान डोक्याच्या आडोशाला जातो आणि डावा कान नळीच्या तोंडाकडं होतो. उजव्या नेमबाजाचा डावा कान आधी जातो ही बंदूकवाल्यांमधली नेहमीची गोष्ट आहे. पिस्तूल दोन्ही कानांसमोर धरतात, त्यामुळं तिथं असा फरक सहसा पडत नाही. आलेख पाहिला आणि जुनं नुकसान रायफलनं केलंय हे जवळपास स्पष्ट झालं. ते स्वतः मात्र पिस्तूललाच दोष देत होते.

पॉइंट टू-टूबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. मॅचच्या गोळ्या ध्वनीच्या वेगाच्या जरा खाली ठेवलेल्या असतात, त्यामुळं 'कडाड्‌' असा फटका येत नाही आणि लांब नळीमुळं आवाज मऊ वाटतो. तरी नेमबाजाच्या कानाशी त्याचं शिखर १३० ते १४० डेसिबलच्या घरात जातं. तीच गोळी पिस्तुलाच्या आखूड नळीतून सुटली की वायू बाहेर पडतात तेव्हा त्यांचा दाब जास्त असतो, तोंडही जवळ असतं, आणि आकडा १५० च्या आसपास पोचतो. बारा बोअरची बंदूक त्याहून वर जाते. १४० ही क्षणिक आवाजाची सर्वसाधारण मानलेली वरची सीमा. डेसिबलचं गणित सरळ चालत नाही. २० डेसिबल वाढले म्हणजे दाब दहापट. कानाच्या पडद्यामागचा स्नायू मोठ्या आवाजाला आखडतो खरा, पण त्याला मिलिसेकंदांची उसंत लागते. गोळीचं शिखर तेवढ्यात येऊन गेलेलं असतं. शरीर इथं उपयोगाचं नाही. बंदुकीला सायलेन्सर लावणं आपल्याकडं सामान्य नागरिकाला कायद्यानं बंद आहे. राहतं ते फक्त कानावर काहीतरी घालणं.

आता मफ. येताना लोक जुने रिपोर्ट सगळे आणतात, मफ कुणीच आणत नाही. मी त्यांना दुसऱ्या भेटीला मफ, टोपी आणि नेमबाजीचा चष्मा असं सगळं घेऊन यायला सांगितलं.

मफ हातात घेतला तेव्हाच अर्धं उत्तर मिळालं. वाट्यांभोवतीच्या गाद्या पापडासारख्या कडक झालेल्या. डाव्या गादीला चष्म्याच्या काडीचा खोल चर पडलेला, आणि चराच्या टोकाला बारीक तडा. आतला स्पंज बोटानं दाबला तर भुगा हाताला लागला. पट्टा ताणून सैल झालेला, कारण दोन लेनमधल्या वेळात तो टोपीवर चढवून ठेवायची सवय. मफचा मुक्काम बारा महिने गाडीच्या डिकीत. एप्रिलमध्ये बंद डिकीत काय तापमान होतं ते वेगळं सांगायला नको. "बदलला कधी?" विचारलं तर म्हणाले, "बदलायचा कशाला? फुटला कुठं?"

मग त्यांना सतरंजीवर पालथं झोपवलं, रायफल म्हणून हातात छत्री दिली आणि चष्मा-टोपीसकट प्रोन घ्यायला लावलं. बँकेतला माणूस माझ्या खोलीत छत्री रोखून पडलाय हे पाहून बाहेरच्या पेशंटना काय वाटलं कोण जाणे, पण हे केल्याशिवाय कळलं नसतं. मान मागं गेली तसा पट्टा मागं सरकला. उजवी वाटी छत्रीच्या दांड्याला टेकून वर ढकलली गेली, आणि पट्टा एकच असल्यामुळं डावी वाटी खालून सुटली. जबड्याच्या मागं, कानाच्या पाळीखाली, फट. मी माझं व्हिजिटिंग कार्ड आत सरकवलं. ते विनासायास गेलं.

आवाज पाण्यासारखा फट शोधतो. चष्म्याच्या काडीएवढी जागासुद्धा पाचेक डेसिबल सहज खाऊन टाकते, आणि खालच्या सुरांत तर त्याहून जास्त. साउंडप्रूफ खोलीत स्पीकरसमोर बसवून मफसह आणि मफविना ऐकण्याची पातळी मोजली. चष्मा, टोपी आणि मान मागं अशा अवस्थेत प्रत्यक्ष संरक्षण डब्यावरच्या आकड्याच्या निम्म्यालाही पोचलं नाही.

तो डब्यावरचा आकडा म्हणजे एनआरआर, आवाज किती कमी होतो त्याचं अमेरिकी माप. प्रयोगशाळेत, सांभाळून बसवलेल्या नव्या मफवर, सलग आवाजात काढलेला. गोळीच्या आवाजात नव्हे. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेनं तो कसा कापून वापरावा ते १९९८ मध्ये सुचवलं होतं: मफचा आकडा पाव भागानं कमी धरा, कानात घालायच्या फोमच्या प्लगचा निम्मा, बाकीच्या प्लगचा ७० टक्क्यांनी कमी. म्हणजे २७ चा मफ साधारण २० चा. युरोपातल्या मालावर एसएनआर असतो. त्याची मोजणी वेगळी, त्यामुळं दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. दुकानात मात्र नेमकं तेच होतं.

बसण्यावर किती अवलंबून असतं याचा सर्वात महागडा दाखला अमेरिकी सैन्याला पुरवलेल्या 'कॉम्बॅट आर्म्स' या दुतोंडी प्लगचा. आरोप असा होता की त्याचा दांडा आखूड होता. दुसऱ्या टोकाच्या चकत्या कानाच्या तोंडाशी दाबल्या जात आणि प्लग घालणाऱ्याच्या नकळत किंचित मागं सरकत असे. तो विकणाऱ्या थ्रीएम कंपनीनं २०१८ मध्ये सरकारशी ९१ लाख डॉलरची तडजोड केली, जबाबदारी मान्य न करता. सैनिकांच्या दाव्यांपोटी २०२३ मध्ये ६०० कोटी डॉलरच्या वर रक्कम द्यायची ठरली. हा सगळा वाद काही मिलिमीटरच्या बसण्यावरून होता.

पण त्या शेवटच्या रविवारी नेमकं काय झालं? खोदून विचारल्यावर बाहेर आलं. पिस्तुलाच्या लेनवर कोच मुलीला काहीतरी सांगत होते. ऐकू येईना म्हणून यांनी डावी वाटी उचलली. त्याच वेळी डावीकडच्या लेनवर .३२ चं (पॉइंट टू-टूहून मोठ्या गोळीचं) पिस्तूल सुटलं. वर पत्र्याची शेड, शेजारी भिंत. "एकच गोळी हो," ते म्हणाले. एक पुरते. खाच वर्षानुवर्षं पडत आली होती. त्या एका गोळीनं शिट्टी मुक्कामाला आणली.

हे कळलं त्याच दिवशी मी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडं पाठवलं. अशा धक्क्यात स्टेरॉइड द्यायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं असतं, आणि ते जितकं लवकर तितकं बरं. पहिल्या एक-दोन दिवसांत गेलेल्याला जी संधी असते ती आठवडा घालवलेल्याला तेवढी नसते. गोळीच्या आवाजानंतर दडा आणि शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली तर "सोमवारी जातंच की" म्हणत बसू नये, दवाखाना गाठावा.

निवडीकडं वळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न अपेक्षित होता: "एकतीसचा घेऊ का?" नको. आकडा वाढला की बहुतेक वेळा वाटी जाड होते, आणि जाड वाटी रायफलच्या दस्त्याला आणखी लवकर टेकते. शिवाय फार बंद करणारा मफ घातला की माणूस बोलणं ऐकायला तो उचलतो, आणि यांचा घात नेमका त्यातच झाला होता.

प्रोनसाठी मफ सोडायचा आणि फोमचे प्लग घालायचे असं ठरलं. दहा-वीस रुपयांची जोडी, चष्मा आड येत नाही, दस्ता आड येत नाही. अट एकच, घालायचा नीट. हात धुऊन प्लग बोटांत वळायचा, सुरकुती न पडता सुतळीसारखा बारीक. विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढायचा, म्हणजे नळी सरळ होते. मग आत सारून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट टेकवून ठेवायचं. उन्हाळ्यात फोम लवकर उलगडतो, तेव्हा वळला की रेंगाळायचं नाही. नीट बसला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. आणखी एक पडताळा: पंखा किंवा मिक्सर चालू ठेवून दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा आणि काढा. फरक जाणवला नाही तर प्लग बसलाय, दाबल्यावर आवाज एकदम कमी झाला तर गळतोय. मफचंही तसंच, वाट्या तळव्यानं दाबून बघायच्या. पहिल्या दिवशी त्यांचा प्लग निम्मा बाहेर होता आणि तो बसलाय अशी त्यांची खात्री होती.

पिस्तुलाच्या लेनवर, त्या पत्र्याखाली, दोन्ही: आत फोम, वर मफ. दोघांचे आकडे मिळवायचे नाहीत. मोठ्या आकड्यात पाचेक डेसिबलची भर पडते एवढंच, कारण एका मर्यादेनंतर आवाज कानाऐवजी कवटीच्या हाडांतून आत जातो. ती पाचाची भर इथं हवीच होती. मफ इलेक्ट्रॉनिक घेतला. त्यातला मायक्रोफोन बोलणं आत पोचवतो आणि मोठा आवाज आला की स्वतःला आवरतो. कोचचं ऐकायला वाटी उचलावी लागत नाही, हीच त्याची खरी किंमत. बॅटरी संपली तरी वाटीचं मूळ संरक्षण राहतं. स्पर्धेत मात्र तो घालता येईल असं धरून चालू नये. संदेश ऐकण्याची सोय असलेली साधनं आंतरराष्ट्रीय नियमांत नेमबाजाला चालत नाहीत, म्हणून मॅचच्या पिशवीत साधा मफ वेगळा. गाण्याचे नॉइज-कॅन्सलिंग इअरफोन या कामाचे नाहीत, आणि कापसाचा बोळा म्हणजे फक्त मनाचं समाधान.

स्वतःच्या कानाच्या साच्यातून बनवलेले प्लगही त्यांना हवे होते. मी सहा महिने थांबा म्हटलं. आधी फोमची सवय होऊ दे. शिवाय दस्त्यावर गाल दाबला की जबडा हलतो आणि नळीचा आकार बदलतो, त्यामुळं रायफलवाल्याचा साचा तोंड किंचित उघडं ठेवून घ्यावा लागतो. कुठंही घाईनं करून घ्यायची ती गोष्ट नव्हे.

देखभालीत माझा पहिला आग्रह डिकी बंद. मफ घरात, पट्टा न ताणता, गाद्यांवर दाब येणार नाही असा ठेवायचा. वापर झाला की घाम ओल्या फडक्यानं आणि सौम्य साबणानं पुसायचा. थिनर, स्पिरिट किंवा बंदुकीचं तेल गादीला लावायचं नाही, त्यानंच ती कडक होते. गाद्या आणि आतला स्पंज वेगळे मिळतात. नियमित वापरात सहा महिने ते वर्षभरात बदलायचे, चीर दिसली तर त्याच दिवशी. मफ विकत घेतानाच दुकानदाराला विचारायचं, याच्या गाद्या मिळतात का? नसतील तर तो मफ वर्षभराचाच आहे असं समजावं.

फोमचे प्लग एकदा वापरून टाकायचे. हे गृहस्थ ते शर्टाच्या खिशात ठेवून महिनाभर वापरत होते, त्याच खिशात कधी रिकामी काडतुसं. पॉइंट टू-टूच्या काडतुसाच्या कडेत भरलेल्या पेटत्या मसाल्यात सहसा शिशाचं संयुग असतं. गोळ्या झाडलेल्या हातानं प्लग वळला की तेच कानात आणि मग जेवणाच्या डब्यात जातं. सिलिकॉनचे, धुऊन वापरायचे प्लग असतील तर कोमट पाणी, साबण, आणि पूर्ण वाळवणं. आपल्या पावसाळ्यात ओला प्लग बंद डबीत राहिला की कानात बुरशी होते, जुलै-ऑगस्टमध्ये असे कान रोज बघते. डबीत सिलिका जेलची पुडी टाकावी, इलेक्ट्रॉनिक मफची बॅटरी महिनाभर वापर नसेल तर काढून ठेवावी.

मुलीचं प्रकरण पाच मिनिटांत मिटलं, पण बघितलं नसतं तर राहून गेलं असतं. तिच्याकडं पप्पांचाच जुना मफ. डोकं लहान, वाटी गालावर उतरलेली. दोन घट्ट वेण्या गादीखाली आणि कानात डूल. तिला लहान मापाचा मफ घेतला. डूल काढायचे आणि वेण्या मानेवर खाली बांधायच्या. तिचा ऑडिओग्राम दोन्ही कानांत स्वच्छ निघाला. दर वर्षी एकदा घ्यायचा, म्हणजे तुलनेला जुना कागद हाताशी असतो. वडिलांकडं तो नव्हता, त्यामुळं खाच कधीपासून पडू लागली हे सांगता आलं नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. ४ किलोहर्ट्झवर डावा कान तिथंच, ५० वर. शिट्टी बारीक झाली आहे, रात्री खोली शांत असली की ऐकू येते. रविवारची नवी शिट्टी मात्र बंद झाली. पहिले काही आठवडे प्लग घातल्यावर स्वतःचा श्वास मोठा ऐकू येतो म्हणून त्यांचे गुण घसरले होते. आता तोच श्वास मोजून ट्रिगर दाबतो म्हणतात.

उरले कोच. ते गेली अनेक वर्षं एकाच कानात प्लग घालतात, दुसरा कान पोरांचं ऐकायला मोकळा. त्यांना तपासणीला यायचं दोनदा कळवलं. सिझन संपला की येतो म्हणाले आहेत.